न्यूनगंड, मास्लोची शिडी आणि महाडचे पाणी

आपल्या पोरांना कॉलेजात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘न्यूनगंड सोडा’. व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात मिळतो, मुलाखतीच्या तयारीत मिळतो, समुपदेशकाच्या खोलीतही मिळतो. आरक्षणावरून टोमणे मारणाऱ्याला मात्र ‘अहंगंड सोड’ असे कोणी सांगत नाही. म्हणून हा शब्द कुठून आला, हे आपण एकदा तपासायला हवे.

तो व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलरमुळे रूढ झाला. फ्रॉइडसोबत काम करणारा हा डॉक्टर 1911 मध्ये त्याच्यापासून वेगळा झाला. फ्रॉइडने व्यक्तिमत्त्वाचे मूळ बालपणात आणि नेणिवेत दडपलेल्या इच्छांत शोधले. ॲडलरने ते लहानपणी वाटणाऱ्या कमीपणात आणि त्यावर मात करण्याच्या धडपडीत शोधले. दोघांचे मोल आम्ही नाकारत नाही. ॲडलरला तर कष्टकऱ्यांविषयी आस्थाही होती. पण दोघांच्याही मांडणीत माणूस घडतो तो मुख्यतः घरात, आईबाप आणि भावंडांत. आपल्या पोराला कमीपणा घरात शिकवला जात नाही. तो शिकवतो पाणवठा, शाळेचा बाक, आडनाव विचारणारा घरमालक.

बाबासाहेबांनी लिहून ठेवलेला मसूर स्टेशनचा प्रसंग आठवा. वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली ती मुले नवे कपडे घालून, आनंदात निघाली होती. जात कळताच स्टेशन मास्तर मागे सरला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे. आता सांगा, यात गंड कोणाच्या डोक्यात होता?

फ्रान्झ फॅनन हा मार्टिनिकचा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ. त्याने 1952 च्या पुस्तकात हाच प्रश्न फ्रॉइड आणि ॲडलरला विचारला. त्याचे म्हणणे असे की काळ्या माणसाच्या न्यूनगंडाचे मूळ आधी आर्थिक आहे. नंतर तो कातडीत मुरतो. म्हणजे उपचार रुग्णावर करायचा आणि समाजालाही बदलायचे, दोन्ही एकदम.

मानवतावादी मानसशास्त्र आपल्याला जवळचे वाटते. कार्ल रॉजर्स म्हणतो, माणसाला विनाअट स्वीकार मिळाला तर तो आपसूक वाढतो; किमतीला अटी लावल्या की तो खुंटतो. बरोबर आहे. पण जातीची अट जन्माआधीच लागलेली असते आणि कितीही गुण मिळवले तरी ती फिटत नाही. हे रॉजर्सच्या हिशेबात नव्हते.

खरी गंमत मास्लोची. 1943 मध्ये त्याने गरजांची उतरंड मांडली: आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग प्रेम, मग प्रतिष्ठा, शेवटी आत्मविकास. हा क्रम पक्का नाही, असे त्यानेच लिहिले होते. आपल्याकडच्या गाईडांतून ते वाक्य गळाले आणि फक्त त्रिकोण उरला. हा त्रिकोण मार्च 1927 च्या महाडला लावून पाहा. तिथे बाबासाहेबांनी अर्धपोटी माणसांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. मग ते सर्वांसह चवदार तळ्यावर गेले. ते केवळ तहान भागवायला नव्हते. आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला होते. लोकांनी मार खाल्ला. म्हणजे सुरक्षितता आणि अन्न दोन्ही पणाला लावून त्यांनी आधी प्रतिष्ठा मागितली. ‘आधी पोट भरू द्या, सन्मानाचे नंतर बघू’ असे आजही आपल्याला सांगणाऱ्यांना महाड हे उत्तर आहे.

मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी फ्रॉइड, रॉजर्स जरूर वाचावेत, पण सोबत फॅनन आणि बाबासाहेब ठेवून. आणि बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजात एक साधी चौकशी करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 च्या नियमांत संस्थांना समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. तो कक्ष कोणत्या खोलीत आहे? विद्यार्थी जातीचा जाच सांगतो तेव्हा समुपदेशक त्याला त्या खोलीपर्यंत नेतो, की श्वसनाचे व्यायाम शिकवून परत पाठवतो? उत्तर लेखी मागा.