पौर्णिमा ते अमावास्या

वाचकहो, युसूफ वडगावात किंवा केज तालुक्यातल्या कुठल्याही गावात जाऊन एखाद्या कारभारणीला विचारा, "यंदा सहलीला कुठे जाणार?" ती हसेल. सहल शाळेतल्या पोरांची असते, ती गुरुजी नेतात. घरची माणसे शेतात जातात, बाजाराला जातात, लग्नाला जातात, मातीला जातात. नुसते हिंडायला म्हणून घराला कुलूप लावायचे, हे आपल्याकडे कुणाला पटत नाही.

तरीही मार्गशीर्षात पंधरा दिवस असे येतात की शेतकऱ्याच्या घराला थोडा दम मिळतो. सोयाबीन निघून गेलेले असते, ज्वारी पोटरीला आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागतात. पौर्णिमेला अंबाजोगाईच्या योगेश्वरीची यात्रा आणि अमावास्येला आपली वेळा अमावास्या. या दोन दिवसांवर आज लिहायचे आहे, कारण दोन्हींना पैसा फार लागत नाही. लागतो तो मोकळा दिवस, आणि तोच हल्ली महाग झाला आहे.

अंबाजोगाईला आपण जातो ते दवाखान्यासाठी, नाहीतर पोरांच्या कॉलेजच्या कामासाठी. एकदा बिनकामाचे जा. दही-धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून घ्या आणि सकाळची गाडी धरा. देवीचे दर्शन झाले की हत्तीखान्याकडे चला. डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत, आणि अंगणात दगडाचे मोठे हत्ती उभे आहेत. लेकरांना त्यांच्यापुढून हलवताना तुमची दमछाक होईल. मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीच्या अंगाला आहे. 'विवेकसिंधु' हा त्यांचा ग्रंथ शके १११० मधला, म्हणजे सन ११८८ चा मानतात. ते नेमके कुठले यावर विद्वानांचे वाद आहेत, ते त्यांचे त्यांनी पाहावेत. आपण झाडाखाली बसून धपाटे खावेत.

मला खरे सांगायचे आहे ते दासोपंतांच्या पासोडीबद्दल. दासोपंत सन १५५१ ते १६१५ या काळातले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी अंबाजोगाईत काढला आणि लिहिले इतके, की त्यांना रोज ढब्बूभर पैशाची शाई लागे असे सांगतात. 'पंचीकरण' हा ग्रंथ मात्र त्यांनी कागदावर लिहिला नाही. तो लिहिला कापडावर. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ती पासोडी. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे पांघरूण, राजाचा शेला नव्हे. त्या पांघरुणाच्या कापडावर ओव्या, आकृत्या, रकाने असे सगळे काढले आहे. चारशे वर्षे होऊन गेली, तरी अंबाजोगाईत त्यांच्या घराण्याने ती जपून ठेवली. ती कधीही दाखवायला काढून ठेवलेली वस्तू नाही, तेव्हा आधी विचारून जावे. पण पाहायला मिळाली नाही तरी ही गोष्ट पोरांना सांगा. कापड किती टिकते ते त्यांना कळेल.

आता आपल्या घरातल्या पासोडीकडे वळू. जुन्या लुगड्यांची वाकळ ही आपल्याकडे गरिबीची खूण समजली जाते. पाहुणे आले की ती आत ढकलायची आणि बाजारातले भडक ब्लँकेट बाहेर काढायचे. ताई, असे का करता? सुती लुगडे वीस वर्षे धुऊन जितके मऊ होते तितके कुठलेच नवे कापड मऊ नसते. वाकळ शिवायची तर लुगडी आधी धुऊन कडक उन्हात वाळवा. विरलेले कापड आत घाला आणि मजबूत वर-खाली ठेवा. दोरा कडेने धरून चौकोनात आत आत जा, मध्ये सुरुवात केली की सुरकुत्या पडतात. आजकालच्या गुळगुळीत साड्यांची वाकळ जमत नाही असे नाही, पण ती अंगावरून घसरते आणि घाम टिपत नाही. तेव्हा घरात सुती लुगडे उरले असेल तर भांड्यासाठी बोहारणीला घालू नका. वाकळ अंगावर घेऊन लेकरे विचारतात, "हा तुकडा कुणाचा?" मग आजीच्या लग्नातले लुगडे, आत्याचे झंपर, मोठ्या भावाची शाळेची चड्डी, अशी सगळी घरची बखर निघते.

तीच गोष्ट भांड्यांची. भंगारवाला दारात येतो, ताजवा लावतो आणि पणजीचे घंगाळ किलोवर घेऊन जातो. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी उभा जन्म अशाच वस्तू गोळा करण्यात घालवला. अडकित्ते, दिवे, फण्या, पानाचे डबे, घरोघरच्या बायामाणसांच्या रोजच्या हातातल्या वस्तू. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभे केले आणि पुढे सगळे शासनाच्या स्वाधीन केले. आज लोक तिकीट काढून अडकित्ते पाहतात! इंग्लंडातल्या खेड्यांत म्हणे रविवारी सकाळी लोक मोकळ्या रानात मोटारी उभ्या करतात आणि घरातल्या जुन्या कपबश्या, पुस्तके, दिवे डिकीतून मांडून विकतात. दुसरे घरचे सगळे मिळून ते पाहत हिंडतात. आपल्या आठवडी बाजारातही कोपऱ्याला एखादा माणूस जुने कोयते, कुलपे, कंदील घेऊन बसतोच. पोरांना घेऊन तिथे घटकाभर थांबा. घेतले पाहिजे असे नाही.

एक घरचाच शोध सांगते. देव्हाऱ्यात किंवा आजीच्या बटव्यात चारमिनारचे चित्र असलेला रुपया निघतो का पाहा. तो निजामाचा हाली सिक्का. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, त्याच्या आधीचे हे नाणे. पुढे सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशेब चाले. पोराला त्यावर गणित घाला, पुस्तकातल्या गणितापेक्षा ते त्याला आवडेल. पण नाणे विकू नका, आणि घासून चकचकीतही करू नका.

जुनी पितळी पातेली वेळा अमावास्येला बाहेर निघतात. लातूर-धाराशिवकडे या सणाचा थाट मोठा, लातूर शहर त्या दिवशी ओस पडते. आपल्या केज-अंबाजोगाईच्या बाजूलाही घर उचलून शेतात जाते. कानडीत याला एळ्ळ अमावास्या म्हणतात, एळ्ळ म्हणजे तीळ. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, पाच दगड मांडून पांडव पुजायचे, आंबिलाचे मडके भरायचे आणि शेतभर चर शिंपायचा. तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, हिरव्या पालेभाज्या आणि बेसन यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचे, असा रिवाज आहे. संध्याकाळी पेटता हेंडगा घेऊन पोरे शेताभोवती पळतात. याहून वेगळी सहल कुठे असते?

पण वाचकहो, कोप या शब्दापाशी मी दरवर्षी अडखळते. दसऱ्यानंतर आपल्या तालुक्यातली किती घरे रिकामी होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि गाडी निघते पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याकडे. तिथे फडाच्या कडेला ती माणसे राहतात त्या घरालाही कोपीच म्हणतात. पाचटाची, वाकून आत शिरायची, आणि ती पाडव्यापर्यंत घर असते. आपण एका दिवसासाठी हौसेने कोप बांधतो, त्याच दिवशी आपल्याच गावची माणसे तशाच कोपीतून पहाटे अंधारात ऊस तोडायला निघतात. सोबत नेलेली वाकळ मात्र आपल्याच गावच्या लुगड्यांची असते.

गावात मागे राहतात म्हातारे आईबाप आणि शाळेची लेकरे. सण त्यांच्या अंगणावरून निघून जातो. शेत नसले किंवा असलेले पडीक असले की कोप बांधणार कोण? म्हणून एक काम सांगते. यंदा तुमच्या कोपीवर अशा एका घरच्या माणसांना बोलवा. निमंत्रण आदल्या दिवशी स्वतः जाऊन द्या. शेताकडे निघताना वाटेवरून "या बरं का" म्हटले तर म्हातारी येत नाही, तिला ते तोंडदेखले वाटते. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाणार असेल तर तिला त्यात बसवून न्या. तिच्या नातवंडांना चर शिंपायला तुमच्या पोरांबरोबर पाठवा, नुसते ताटावर बसवू नका. फोनवर आईबापांशी बोलणे करून द्या, तिकडे दुपारी जेवणाला थोडी उसंत असते. आणि परतताना भज्जीचा डबा बांधून द्या, मोठा द्या. भज्जी दुसऱ्या दिवशी शिळीच जास्त गोड लागते.