भट्टी चीनची, झळ तळवड्याला

देहूरोडच्या हमरस्त्यावरून तळवडे-चाकणकडे निघालेले ट्रेलर मी रोज पाहतो. पाठीवर पत्र्याची अजस्र वेटोळी, साखळदंडांनी जखडलेली. आमच्याकडच्या कित्येक घरांची चूल या पत्र्यावर पेटते. म्हणून जगात पोलादाला मागणी किती राहणार, हा प्रश्न मला केवळ अर्थतज्ज्ञांचा वाटत नाही.

२०२४ साली जगात सुमारे १८८ कोटी टन पोलाद तयार झाले. निम्म्याहून अधिक एकट्या चीनचे. तिथली घरबांधणी २०२१ पासून ढेपाळली, मागणी घटली, भट्ट्या मात्र धगधगत राहिल्या. झोतभट्टी म्हणजे काही स्वयंपाकघरातला गॅस नव्हे, बटण फिरवले की बंद! उरलेला माल परदेशी निघाला. त्या एका वर्षात चीनची निर्यात ११ कोटी टनांवर गेली.

आपल्याकडे चित्र उलटे. उत्पादनात भारत चीनखालोखाल, पण दरमाणशी वापर वर्षाला जेमतेम शंभर किलोच्या आसपास; जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. पूल, मेट्रो, घरे अजून बांधायचीच आहेत. मागणी वाढणार ती इथे, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग अडले कुठे? स्वस्त आयातीला बांध घालण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये पत्रा, कॉइल अशा मालावर १२ टक्के तात्पुरते शुल्क बसवले. पोलाद कारखाने जगले पाहिजेत, याबद्दल वाद नाही. पण तळवड्याच्या गाळ्यात दोन प्रेस चालवणाऱ्याचे काय? मोटार कंपन्या कारखान्यांशी थेट करार करतात. हा बिचारा व्यापाऱ्याकडून आठवड्यापुरता पत्रा उचलतो, त्या दिवशीच्या भावाने. त्याच्या सुट्या भागांचा दर वाढतो तो महिन्यांनी, वाढला तर! मधला फरक त्याच्या खिशातून जातो. मग ओव्हरटाइम बंद होतो, आणि ही बातमी वर्तमानपत्राआधी घरी पोहोचते.

लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत, असा कायदा २००६ पासून आहे. तो पाळला गेला तरी अर्धा भार हलका होईल. उरलेल्या अर्ध्यासाठी माझी सूचना साधी आहे: पोलादावर शुल्क लागेल तेव्हा सुट्या भागांचे दरही दरमहा पत्र्याच्या भावाशी जोडले जावेत. मोठ्या कंपन्यांना हे अवघड नाही; पत्र्याचा भाव त्यांच्या खरेदी विभागाला रोज ठाऊक असतो.