पाणीपट्टीत रानाचाही वाटा हवा

महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र असलेले रिद्धपूर मोर्शी तालुक्यात येते. याच तालुक्यातील सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणावर अमरावती आणि बडनेरा शहरांची तहान भागते. पाणीपट्टीचा विषय निघाला की पंप, वीज, जलवाहिन्या, तुरटी आणि क्लोरीन यांच्या खर्चाची चर्चा होते. ज्या डोंगरांतून आणि शिवारांतून पाणी धरणात येते, त्यांच्या राखणीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

जंगल राखले की धरणात पाणी वाढते, हा समज अर्धवट आहे. झाडे स्वतःही बरेच पाणी शोषतात. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. मुळे आणि पालापाचोळा माती धरून ठेवतात, पाणी मुरते आणि धरणात गाळ कमी येतो. याचा थेट संबंध आरोग्याशी आहे. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि क्लोरीनची मात्रा पुरेशी लागू पडत नाही.

न्यूयॉर्कने १९९७ मध्ये हाच हिशेब मांडला. अनेक अब्ज डॉलरचा गाळण प्रकल्प उभारण्याऐवजी शहराने कॅटस्किल डोंगरातील जमीन आणि शेती सांभाळण्यावर पैसा खर्च केला. हिमाचल प्रदेशातील पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये झऱ्यावरील जंगल राखणाऱ्या गावकऱ्यांना वर्षाला १० हजार रुपये देण्याचा करार केला. रक्कम लहान होती, पण राखणीला मोल आहे हे मान्य झाले.

वऱ्हाडात एकच साचा चालणार नाही. अकोल्याला पाणी देणाऱ्या काटेपूर्णा जलाशयाभोवती अभयारण्य आहे. तिथे मोबदला चराई आणि तोड थांबवणाऱ्या गावांना देता येईल. वर्धा नदी मात्र मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि वाटेत वरूड परिसरातील शेती व संत्राबागांचे पाणी घेते. तिथे बांधबंदिस्ती करणाऱ्या आणि खत बेताने वापरणाऱ्या शेतकऱ्यालाही वाटा द्यावा लागेल. त्यासाठी दोन राज्यांचा समन्वय लागेल.

महिन्याला १५ हजार लिटर पाणी वापरणाऱ्या घराकडून हजार लिटरमागे ५० पैसे घेतले, तर साडेसात रुपये होतात. मात्र हा पैसा वेगळ्या खात्यात हवा आणि पावसाळ्यातील गढूळपणा मोजूनच तो दिला जावा. नाहीतर पाणीपट्टी वाढेल आणि गाळही वाढतच राहील.