वेगाचा वर्ग



गेल्या मे महिन्यात आम्ही घरची चार माणसे आमच्या लहानशा गाडीतून विदर्भातील जंगले पाहून आलो. परतल्यावर पिशोरमध्ये जो भेटला त्याने एकच प्रश्न केला, "सर, वाघ दिसला का?" दिसला. ताडोबात एका पाणवठ्यात मागचे अर्धे अंग बुडवून बसला होता, चार-पाच मिनिटे. परंतु या लेखात त्याच्याविषयी मी फारसे सांगणार नाही. सांगायचे आहे ते एका रातव्याविषयी. तो माझ्याच गाडीखाली मेला.

आधी प्रवास कसा झाला ते थोडक्यात सांगतो. पिशोरहून बुलढाणा, तेथून ज्ञानगंगा अभयारण्यातून खामगाव, पुढे अकोटमार्गे मेळघाट, मग नागपूर, पेंच, ताडोबा आणि शेवटी पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर. घरी पोहोचेपर्यंत चौदाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवला. उन्हाळ्यात जंगलात काय पाहायचे, असे पुष्कळ लोक म्हणतात. मला वाटते, उन्हाळ्यासारखा ऋतू नाही. सागाची पाने गळालेली असतात, त्यामुळे नजर लांब जाते. पाणी थोड्याच जागी उरलेले असते, त्यामुळे प्राणी कोठे येणार याचा अंदाज बांधता येतो. शिवाय शाळांना सुट्टी असते, हे कारणही लहान नाही.

मेळघाट हे १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. त्याच्या गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. सेमाडोहला मुक्काम होता. रात्री जेवण झाल्यावर नववीतल्या मुलीला म्हटले, "एक हात रस्त्याकडेच्या मातीवर ठेव आणि दुसरा डांबरावर." माती निवत आली होती. डांबर मात्र अजून चांगलेच कोमट होते. काळा पृष्ठभाग दिवसभर ऊन शोषून घेतो, त्याखालचा खडीचा जाड थर ती उष्णता धरून ठेवतो आणि रात्री सावकाश सोडतो. सापांना नेमकी हीच ऊब हवी असते, म्हणून ते रात्री सडकेवर येऊन पडतात.

त्याच वेळी झाडीतून एक आवाज येऊ लागला. सिमेंटच्या जमिनीवर टेबल-टेनिसचा चेंडू सोडला तर तो टप्पे घेत घेत, टप्पे लहान होत होत थांबतो, अगदी तसा. सहावीतल्या मुलाने कोण चेंडू खेळत आहे ते शोधायला बॅटरी फिरवली, तेव्हा सडकेच्या मध्यभागी दोन लालसर ठिणग्या चमकल्या. तो रातवा होता. पिसांचा रंग हुबेहूब वाळक्या पाचोळ्याचा. डोळे चमकले नसते तर दिसलाही नसता. त्याच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत पोहोचलेला उजेड आल्या वाटेने परत फिरतो, म्हणून बॅटरीवाल्याला ते निखाऱ्यासारखे दिसतात. रातवा उडते किडे खातो. सडकेवर बसले की वर आकाश मोकळे मिळते आणि किड्यांच्या आकृत्या त्या अंधुक उजेडावर स्पष्ट दिसतात. आम्ही वाहनांसाठी केलेली जागा त्याला शिकारीला सोयीची वाटते, यात त्याचा काय दोष?

अमरावतीहून नागपूरला जाताना बाजारगाव लागते. २०१७ च्या डिसेंबरात बोर अभयारण्यातला 'बाजीराव' नावाचा वाघ त्याच परिसरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. मी ही गोष्ट मुलांना सांगितली. गाडीत थोडा वेळ शांतता होती. काटा मात्र नव्वदवरच होता, हे मला आज आठवते.

पेंचला एक चांगली गोष्ट पाहायला मिळाली. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी लहानमोठी नऊ बांधकामे केली गेली, म्हणजे रस्ता वरून आणि प्राणी खालून. सर्वांत अरुंद पन्नास मीटरचे, तर सर्वांत रुंद साडेसातशे मीटरचे. भारतीय वन्यजीव संस्थेने त्यांच्याखाली आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावले, तेव्हा चितळ, रानडुकरे, रानकुत्रे आणि वाघसुद्धा खालून ये-जा करताना आढळले. अशी बांधकामे अधिक व्हावीत असे मला मनापासून वाटते. पण प्रत्येक सडकेवर ती होणे शक्य नाही. टिपेश्वरला गेल्यावर ते अधिकच पटले.

टिपेश्वर अभयारण्य दीडशे चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. तेथे जन्मलेल्या तरुण नरांना स्वतःसाठी जागा शोधत बाहेर पडावे लागते. त्यांतला एक, गळ्यात रेडिओपट्टा घातलेला, २०१९ साली तेथून निघाला आणि वळणावळणाने सुमारे तेराशे किलोमीटर चालून त्या वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला. दुसऱ्याची गोष्ट तर आमच्या दारची. मार्च २०२१ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातील कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. अंगावरचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, तेव्हा तो टिपेश्वरचाच निघाला. नकाशावर पट्टी ठेवून मोजा, सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरहून कमी भरणार नाही. मध्ये काय आहे? कापसाची आणि तुरीची शेते, कालवे, रेल्वेचे रूळ आणि सडका. आम्ही जो प्रवास गाडीने केला, तोच त्याने उलट दिशेने पायी केला होता, आणि त्याच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी अभयारण्याची पाटी नव्हती.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. तेथे आपली गाडी दाराशी ठेवून जीपने आत जावे लागते. वेगाची मर्यादा ताशी वीस किलोमीटर. चालकाने एकदा जरा जोर दिला तेव्हा मीच त्याला टोकले. मार्गदर्शक मुलगा हसून म्हणाला, "सर फार नियमाचे आहेत." मला बरे वाटले होते.

आता शेवटचा दिवस. अकोल्याला मुक्काम करून आम्ही चाळीसगावमार्गे परतत होतो. वाटेत पाटणादेवी केली. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापून आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनाची सोय केली होती. तसे सांगणारा शिलालेख तेथील देवळात आहे. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस अशा जागी रेंगाळणारच. मी रेंगाळलो, घरच्यांनी दोनदा हाक मारली, तरी रेंगाळलो. औट्रमघाट चढलो तेव्हा अंधारले होते. कन्नडला चहा घेतला आणि पिशोरची वाट धरली. अभयारण्य मागे पडले होते. घर पंधरा किलोमीटर राहिले होते. फोनमधला नकाशा पोहोचण्याची वेळ दाखवत होता आणि ती वेळ एक-दोन मिनिटांनी मागे ढकलण्याचा खुळा खेळ मी मनाशी खेळत होतो. समोरून मोटारसायकल आली म्हणून दिव्यांचा झोत खाली केला होता. काटा सत्तरवर होता.

मुलगाच ओरडला, "बाबा, ठिणग्या!"

ब्रेक दाबला. टायर करकरले. बारीकसा आवाज आला, त्याहून मोठा नाही.

रातवा उचलून हातात घेतला तेव्हा त्याला काहीच वजन नव्हते. आम्ही त्याला बांधाच्या कडेला ठेवले. मुलगी काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर तिने आतला दिवा लावून वही काढली आणि विचारले, "बाबा, तो दिसला तेव्हा किती लांब होता?" म्हटले, तीस मीटर धर. तुम्हीही वही घ्या. नववीच्या पुस्तकातील गतीच्या समीकरणांपलीकडे यात काही नाही.

डोळ्यांना दिसणे आणि पायाने ब्रेक दाबणे यांत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या, चांगल्या डांबरावर गाडीचे ऋण त्वरण सात मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. तेव्हा पहिल्या सेकंदात गाडी ब्रेकविना १३.९ मीटर जाणार, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला वेगाचा वर्ग भागिले १४, म्हणजे आणखी १३.८ मीटर घेणार. एकूण २७.७. रातव्याच्या दोन मीटरहून थोडे अधिक अलीकडे गाडी उभी.

आता ७० घ्या. सेकंदाला १९.४ मीटर. पहिला सेकंद संपला तेव्हा रातवा १०.६ मीटरवर उरला आणि ब्रेक आत्ता कोठे लागत आहे. त्या १०.६ मीटरांत वेग किती कमी होईल? ३७८ मधून १४ गुणिले १०.६ वजा करा आणि वर्गमूळ काढा. उत्तर सुमारे १५.२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ ५५ किलोमीटर!

या आकड्यापाशी जरा थांबा. वर्गात दरवर्षी मी मुलांना विचारतो, पन्नासची गाडी जेथे थांबली तेथे सत्तरची गाडी किती वेगात असेल? बहुतेक मुले वजाबाकी करतात आणि 'वीस' म्हणतात. मीही इतकी वर्षे सूत्र फळ्यावर लिहीत आलो, पण माझ्या पायाला ते ठाऊक नव्हते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे वाक्य परीक्षेत पाच गुणांचे असते. सडकेवर त्याचा अर्थ असा, की पन्नासला गाडी थांबते आणि सत्तरला त्याच जागी ती पंचावन्नने आदळते.

आणि मी वाचवले काय? पंधरा किलोमीटरला सत्तरच्या वेगाने १३ मिनिटे लागतात, पन्नासच्या वेगाने १८. म्हणजे पाच मिनिटे.

तुम्ही म्हणाल, एक पक्षी मेला, त्याचे एवढे काय? माझे म्हणणे ऐका. याच रस्त्यावर रात्री ससा येतो, मुंगूस येते, कोल्हा येतो. उसाच्या दिवसांत बिनदिव्याच्या बैलगाड्या चालतात. शेताला पाणी द्यायला माणसे बॅटरी घेऊन कडेने जातात. रस्ता कोण ओलांडत आहे हे समीकरण विचारत नाही. माझ्या पुढ्यात त्या रात्री रातवा होता, एवढाच माझ्या नशिबाचा भाग.

माझे एक सहकारी म्हणतात, "अहो, मग जागोजागी गतिरोधक घालावेत, नाहीतर रात्री रस्ते बंद करावेत." कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा खासगी वाहनांना बंद असतो, आणि ते योग्यच आहे. पण खेड्यापाड्यांना जोडणारा रस्ता रात्री कसा बंद करणार? आजारी माणसाला कन्नडला न्यायचे कसे? गौताळा अभयारण्य १९८६ साली झाले, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. पण रातव्याने काही त्याची हद्द वाचलेली नाही. पाटी असेल तेथे आपण हळू जातो, कारण कोणी पाहत असते. ताडोबात मी नियमाचा होतो, आणि माझ्याच गावच्या वाटेवर नव्हतो. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिले नाही तर लेखाला अर्थ नाही.

फ्रान्समधील रस्त्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. गाडी किती जवळ आली म्हणजे पक्षी उडतात, हे त्यात मोजले होते. गंमत अशी, की पक्षी त्या एका गाडीच्या वेगावरून ठरवत नव्हते. ज्या रस्त्यावर वेगाची मर्यादा जास्त, तेथे ते लांबूनच उडत, आणि संथ रस्त्यावर गाडी बरीच जवळ येऊ देत, मग ती गाडी कितीही वेगात असो. म्हणजे पक्षी रस्त्याची सवय ओळखतात. संथ रस्त्यावर एखादाच भरधाव आला, तर त्यांचा हिशेब चुकतो. हे वाचले तेव्हा मला आमचा पिशोरचा रस्ता आठवला.

शिक्षकांना एक विनंती आहे. गतीची समीकरणे शिकवताना 'एक रेल्वेगाडी' आणि 'एक चेंडू' थोडे बाजूला ठेवा. आपल्या शाळेसमोरचा रस्ता घ्या. मुलांना दोन खुणांमधले अंतर मोजू द्या, घड्याळ लावून गाड्यांचे वेग काढू द्या आणि प्रत्येक गाडीचे थांबण्याचे अंतर फळ्यावर मांडू द्या. त्यांत शिक्षकांच्याही गाड्या असू द्यात.

आमच्या गाडीच्या काट्यावर मुलीने पन्नासपाशी लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे. अंधार पडला की त्यापुढे जायचे नाही, असा घरचा नियम झाला. दिवाळीत पितळखोऱ्याची लेणी पाहून संध्याकाळी परतत होतो. मागच्या गाडीने तीनदा भोंगा वाजवला, मग बाजू काढून पुढे गेली, आणि जाताना त्यातल्या गृहस्थाने काच खाली करून आमच्याकडे असे पाहिले, की गाडी बिघडली आहे की चालवणारा म्हातारा झाला आहे. मुलगा मागे बसून सडकेवर ठिणग्या शोधत होता.