आपल्याच गावाच्या नावावर बोली

बाजारहाट / वाटसरू

सुकेळी खिंड उतरून खांब मागे टाकलं की कोलाड. एका हाताला रोह्याचा रस्ता, दुसऱ्या हाताला सुतारवाडीवरून ताम्हिणीकडे, म्हणजे पुण्याकडे जाणारा. मुंबई काय, पुणे काय, दोन्ही सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. धंद्यासाठी याहून बरी जागा मागूनही मिळाली नसती. गाडीतून उतरलेला पाहुणा आधी चहा प्यायचा आणि मग टपरीवाल्यालाच विचारायचा, ‘राफ्टिंग कुठे होतं हो?’ टपरीवाला आपल्या ओळखीतल्याकडे पाठवायचा. हे काही धर्मादाय काम नव्हे. गिऱ्हाइकामागे काहीतरी सुटायचं, नाहीतर गेला बाजार दिवाळीला मिठाईचा पुडा तरी यायचाच. पण तो पैसा नाक्याच्या आसपास फिरायचा.

आता हा प्रश्न नाक्यावर कोणी विचारत नाही. तो शुक्रवारी रात्री पवईत किंवा हिंजवडीत, मोबाइलवर विचारून झालेला असतो. शोधाच्या चौकटीत ‘कोलाड रिव्हर राफ्टिंग’ टाकलं की वरच्या दोन-चार नोंदींवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं दिसतं. बोट लावण्याच्या घाईत ते वाचतं कोण?

तो शब्द तिथे येतो कसा, हे मात्र बघण्यासारखं आहे. पाहुण्याने बटण दाबल्यापासून निकाल दिसेपर्यंत पापणी लवत नाही, तेवढ्यात एक लिलाव होऊन जातो. या शब्दांवर कोणी किती बोली लावून ठेवली आहे, कोणाच्या जाहिरातीला बोट लागण्याची शक्यता जास्त, तिथून उघडणारं पान बरं आहे की नाही, असा सगळा हिशेब करून गूगल क्रम लावतं. जाहिरात नुसती दिसली तर पैसे पडत नाहीत, कोणी तिच्यावर बोट ठेवलं की पडतात. मग त्या पाहुण्याने फोटो बघितले, दर विचारले, घासाघीस केली आणि शेवटी लोणावळ्याला गेला, तरी कॅम्पवाल्याच्या खात्यातून रक्कम गेलेलीच. शनिवार-रविवारी, सुट्ट्यांच्या तोंडावर बोली चढते. आणि बोली लावणारे सगळे कोलाडचे नसतात. बुकिंग घेणारी, स्वतःची ना होडी ना वल्हं असलेली बाहेरची संकेतस्थळंही त्याच शब्दांवर पैसे लावतात, पाहुणा पकडतात आणि कमिशन कापून इथल्या कॅम्पवाल्याकडे धाडतात. कॅम्पवाल्याला आपल्याच गावाच्या नावाखाली सापडायचं तर भाडं भरावं लागतं, आणि ते भाडं ना ग्रामपंचायतीकडे जातं ना टपरीवाल्याकडे. मोबाइल जाहिरातीच्या वाढीबद्दल बोलताना आपण नको असलेल्या फोनची तक्रार करतो. माझी तक्रार या भाड्याची आहे.

फेसबुक-इन्स्टाग्रामची तऱ्हा जरा वेगळी. तिथे शब्दांऐवजी माणसं निवडायची. नकाशावर ठाण्यावर टाचणी टोचायची, वर्तुळ किती किलोमीटरचं ते सांगायचं, वयोगट द्यायचा, भटकंतीची आवड असणारे हवेत म्हणायचं. जाहिरातीखालचं बटण थेट व्हॉट्सॲपवर नेतं. तिथे ‘हाय’ टाकायचा अवकाश, ठरलेलं उत्तर येतं: ‘किती पॅक्स? व्हेज की नॉनव्हेज? टेंट की एसी रूम? ५० टक्के ॲडव्हान्स.’ पाठोपाठ क्यूआर कोड. सगळं पाच मिनिटांत उरकतं. हा वेग ठगांनाही मानवतो. दुसऱ्याच्या रिसॉर्टचे फोटो उचलून खोटी पानं काढणारे आणि ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे सगळ्याच पर्यटनस्थळांच्या नावावर हात मारतात. तसं झालंच तर १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक ताबडतोब फिरवावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

त्या नको असलेल्या फोनवर सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००७ मध्ये ‘फोन करू नका’ची राष्ट्रीय नोंदवही आली, २०११ पासून दूरसंचार नियामक ट्रायचे कडक नियम लागू झाले, २०१८ मध्ये ते पुन्हा नव्याने लिहिले गेले. जाहिरातीच्या फोनना १४०ने सुरू होणारे क्रमांक मिळाले, १९०९ वर नकार नोंदवता येऊ लागला. २०२५ पासून तर एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे प्रचाराचा, एस म्हणजे सेवेचा, टी म्हणजे व्यवहाराचा, जी म्हणजे सरकारी. एकदा बघून ठेवा, उपयोगी पडतं. पण हा सारा बंदोबस्त साध्या फोनचा आणि एसएमएसचा. व्हॉट्सॲप त्याच्या कक्षेत येत नाही. आणि २०१६च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा असा काही स्वस्त झाला की जाहिरातीचा सगळा लोंढा तिकडेच वळला. दार बंद करून होईतो पाहुणे खिडकीतून आत आले होते.

त्याच व्हॉट्सॲपचा दुसरा वापर बघायला फार लांब जायला नको, तासाभरावर पेण आहे. गणपतीच्या कारखान्यांतून मूर्तींचे फोटो आता मोबाइलवर जातात: बैठकीची मूर्ती, दोन फूट, शाडू, पितांबराचा रंग सांगा. यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट पुरते. तिची एक अट फार कमी लोकांना ठाऊक असते. एका यादीत २५६ नावं बसतात आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच संदेश पोचतो, बाकीच्यांना नाही. म्हणजे गेल्या वर्षी मूर्ती आवडली म्हणून ज्याने नंबर ठेवला, तोच यंदाचं गिऱ्हाईक. ट्रायच्या पानोपानी नियमांना जी संमती नीट पकडता आली नाही, ती या एका साध्या अटीत आहे. मोठ्या कंपन्या अर्थात या अटीत अडकत नाहीत. त्या व्हॉट्सॲपच्या मालक मेटाला दर संदेशामागे पैसे मोजतात आणि अनोळखी फोनमध्येही शिरतात. प्रचाराच्या संदेशाचा दर त्यात सगळ्यांत चढा.

कोलाडच्या बाबतीत या जाहिरातींत एक गोष्ट हमखास गाळलेली असते, ती म्हणजे पाणी. इथल्या कुंडलिका नदीतला राफ्टिंगचा प्रवाह पावसाच्या भरवशावर नाही, म्हणून तर उन्हाळ्यातही होड्या चालतात. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, चक्रं फिरवतं आणि मग नदीत सुटतं. पुढे डोलवहाळला ते पुन्हा अडवतात. मधल्या टप्प्यात राफ्टिंग. टाटांचं हे केंद्र १९२७चं, मुंबईला वीज पुरवण्यासाठी उभारलेलं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशी सत्याग्रह लढवला, तेच हे धरण. (तिथल्या मावळ्यांनी ज्या पाण्यापायी जमिनी घालवल्या, त्यावर आज ठाण्याची पोरं सेल्फी काढतात. त्यांना दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.) पाणी साधारणपणे सकाळी सुटतं, पण किती आणि केव्हा हे विजेच्या गरजेवर ठरतं, पाहुण्यांच्या बुकिंगवर नाही. तरी फोनवर मात्र ‘बारा महिने राफ्टिंग’. पाणी सुटलं नाही की नदीकाठी ॲडव्हान्सवरून जी हुज्जत होते, ती जाहिरातीवाल्याला ऐकावी लागत नाही. ती लाइफ जॅकेटं मोजणाऱ्या गावच्या पोराला ऐकावी लागते.

मग करता येण्यासारखं काय? व्हॉट्सॲपवर २०२३च्या सप्टेंबरापासून आपल्याकडे चॅनल काढता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि ज्याला हवं तोच ते धरतो. ‘उद्या पाणी सुटणार, पहिली होडी अमुक वाजता’ किंवा ‘उद्या पाणी नाही, येऊ नका’ एवढा एक मजकूर रोज संध्याकाळी कोलाडच्या नावाने गेला, तर आदल्या रात्री बेत आखणारा पुणेकर गूगलच्या लिलावात जाण्याऐवजी आधी तिथे बघेल. आज कमिशनमध्ये जाणारा पैसा मग सुरक्षेच्या सामानावर घालता येईल. अडचण तंत्राची नाही. त्यासाठी इथल्या सगळ्या राफ्टिंगवाल्यांना एका नावाखाली यावं लागेल, ‘येऊ नका’ असं लिहायची तयारी ठेवावी लागेल, आणि सध्या तरी ही मंडळी त्याच तीन शब्दांवर एकमेकांविरुद्ध बोली चढवण्यात गुंतली आहेत.