पेटीतली बार्शी लाईट

मागच्या दिवाळीत माळा आवरताना मामंजींची पत्र्याची पेटी खाली काढली. मामंजी रेल्वेत गार्ड होते, लातूरच्या छोट्या गाडीवर. पेटीत शिट्टी, हातकंदील, विटलेला हिरवा झेंडा, पुठ्ठ्याची चार तिकिटं आणि फोटोंचं पुडकं. दारात भंगारवाला उभाच होता. जाऊबाई म्हणाल्या, "देऊन टाकू, माळा तरी मोकळा होईल." मी म्हटलं, "थांबा जरा."

ही आपली बार्शी लाईट. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली, १९११ मध्ये लातूरला आली. तेव्हा बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि लातूर निजामाच्या! १९२७ मध्ये ती पंढरपूरवरून पुढे मिरजेला पोचली. १९५४ साली सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, तरी लोकांच्या तोंडी नाव तेच राहिलं. पुढे मोठे रूळ आले अन् अडीच फुटी गाडी गेली. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ह्यांचीच वाट की गं ही!"

त्या दिवशी सासूबाईंपुढे निरोपसमारंभाचा फोटो धरला. ओळीनं वीस पुरुष, बाई एकही नाही. पण त्यांनी माणसं कशी ओळखली सांगू? "हिच्या हातचं लोणचं आपल्याकडं यायचं, तिचा हा नवरा. माझ्या बाळंतपणाला जी रात्री धावून आली, तिचा हा." फोटोत नसलेल्या बायकांमुळेच फोटोतल्या पुरुषांना नावं मिळाली. मी एकेक नाव पेन्सिलीनं मागे लिहीत गेले, बायकोच्या नावासकट.

"मोबाईलमध्ये काढून ठेव की," मुलगा म्हणाला. काढले. पण मोबाईल दोन वर्षांत बदलतो, आणि नाव नसलेला फोटो म्हणजे नुसता कागद. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी भागात घरंच्या घरं गाडली गेली. एकाच घरातली एकुलती आठवण किती लवकर जाते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की अशा वस्तूंना गावच्या वाचनालयात एक कुलूपबंद कपाट हवं. घरातल्या वस्तू परक्याच्या हाती कशा द्यायच्या, असं जाऊबाईंना वाटतं. ते चूक नाही. म्हणून देताना यादीच्या दोन प्रती करा, सहीशिक्क्याची पोच घ्या, फोटोंच्या प्रती घरी ठेवा. कोणाला दाखवायचं नसेल ते देऊ नका. फोटोला चिकटपट्टी लावू नका, मागे शाईनं लिहू नका.

पण मैत्रिणींनो, कपाट मिळायला वेळ लागेल. घरातली म्हातारी माणसं तेवढी थांबतील का? आज दुपारची कामं उरकली की सासूबाईंजवळ, आईजवळ बसा. जुना फोटो पुढे धरा आणि एवढंच विचारा, "हे कोण हो?"