हिशेब शिकवणारी गोष्ट कोणाची?

१८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत लेखन-वाचनाबरोबर हिशेबही शिकवा, अशी मागणी केली. ज्याला हिशेब येत नाही, त्याचा अंगठा सावकाराच्या वहीवर उमटतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलंय.

आज गोष्टीच्या पुस्तकांतून गणित शिकवा म्हणतात. आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. गोष्टीने पाढे पाठ होत नाहीत, पण पाढा कशासाठी, हे गोष्टच सांगते. प्रश्न एवढाच, की गोष्ट कोणाची? पिझ्झ्याचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले, तर मानोरा-रिसोडच्या वस्तीतल्या लेकराला आधी पिझ्झा समजावावा लागतो.

त्यापेक्षा ही गोष्ट घ्या : पाच बायांनी तीन एकर सोयाबीन सोंगलं. एकरी ३,००० रुपये ठरले. मुकादमाने प्रत्येकीच्या हातावर १,५०० टेकवले. प्रत्येकीचे किती बुडाले? तिसरी-चौथीचं पोर ३०० म्हणेल आणि घरी जाऊन आईला विचारेल. तिथून गणितही सुरू होतं, चळवळही.

मित्रांनो, वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन होतं. त्यानंतरचा अर्धा तास लेकरांच्या हिशेबाच्या गोष्टींना द्या. अशी पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळांत यावीत म्हणून ग्रामसभेत ठराव मांडा.

जय भीम!